सहा दांड्या आणि एक अंगठा

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट हलक्या आवाजात सांगायची आहे, मागच्यांना ऐकू यायची नाही. आमच्या पाराचो गावात गल्लीगल्लीत गिटारी घडतात. इथली माणसं देवापुढे उभी राहतात तीसुद्धा बाह्यांवरचा लाकडाचा भुसा झटकून. त्या देवाचं नाव घेऊन सांगतो. शेवट गोड होईल, एवढा शब्द देतो.

देल्फिना त्या सकाळी भंगाराच्या ढिगात वाकली होती. मोडक्या छपाईयंत्रातली एक पोलादी सळई तिनं ओढली... आणि ती दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी ओढली.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा. माझ्या हाताला आधी लागली."

"माझ्या नजरेला आधी लागली."

तो हसला. त्याच्या नखांत तांबूस भुसा भरलेला, भुवईवरही थोडा. "अशा दोन सळया आहेत. एक तुम्ही घ्या. मला तासणीच्या पात्याला धार लावायला एक पुरे."

"मला दोन्ही लागतील. एकीवर माझं यंत्र सरळ धावणार नाही."

"कसलं यंत्र?"

"संगणकाच्या हुकमानं लाकूड कोरणारं. सीएनसी राउटर. घरीच बांधतेय, गिटारच्या दांड्यांसाठी."

त्याचा हात सैल झाला. "पण... गावच्या निम्म्या दांड्या तर मी कोरतो."

हा अन्सेल्मो. त्यानं क्षणभर सळईकडे पाहिलं, मग दोन्ही तिच्या हातात ठेवल्या. "न्या. माझ्या पोटावर पाय देणारं यंत्र निदान वाकडं तरी धावू नये."

देल्फिनाला यंत्राची हौस नव्हती, गरज होती. तिचे वडील फेलिसियानो मास्तर. वर्षभर त्यांचे हात थरथरत होते. चर्चच्या भजनी मंडळाला संत पेत्रोच्या उत्सवासाठी सहा गिटारी हव्या होत्या आणि मास्तरांच्या हातून एकही दांडी उतरत नव्हती. बाहेरून करून घ्यायची तर घराण्याची रीत आड येई: परक्याच्या हातची दांडी या घरात बसत नाही.

"यंत्र तर यंत्र," मास्तर म्हणाले होते. "मी डोळे मिटून अंगठा फिरवीन. सहाच्या सहा पसंत पडल्या तर कारखाना तुझा. नाहीतर कुलूप लावतो, आणि तू उत्तरेला मावशीकडे जा. तिथं डबे भरायचं काम आहे."

अन्सेल्मो तिसऱ्या दिवशी आला, म्हणे "सळया कशा आहेत बघायला." मग रोजच येऊ लागला. कधी बोल्ट आणी, कधी मक्याच्या पानात उकडलेली मक्याच्या पिठाची गरम कोरुंदा. टेबलाच्या खणांच्या पट्ट्या, जुन्या मोटारी, लांब मळसूत्र, जाड प्लायवूड... त्यातून यंत्र हळूहळू उभं राहिलं. पाइनच्या झाडांतून धुकं खाली उतरे, आणि ती दोघं एकाच कंदिलाएवढ्या दिव्याखाली डोकी जुळवून बसत.

"तुमचं यंत्र लाजतं," तो एकदा म्हणाला. "जाताना एका रेघेवरून जातं, येताना दुसऱ्या."

"लाजत नाही. आट्यांत फट आहे." तिनं मळसूत्रावर दोन नट चढवले, मध्ये स्प्रिंग घातली. "आता दोघं एकमेकांना रेटत राहतील. मग डुगडुग नाही."

"नवरा-बायकोसारखं."

"तुम्हाला फार माहिती."

"ऐकून आहे..." तो स्प्रिंगकडे बघत म्हणाला. "आणि मला 'तुम्ही' नको म्हणत जाऊ."

तिनं नट आणखी अर्धा आटा आवळला. पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "एक दांडी दे ना, नमुन्याला. बाबांच्या सगळ्या विकल्या गेल्या."

त्यानं पिशवीतून एक काढून दिली. देताना हात जरा रेंगाळला. तिनं ती एकोणचाळीस ठिकाणी मोजली, आकडे संगणकात घातले आणि यंत्रानं दोन दिवसांत सहा दांड्या कोरल्या. नमुना कुणाचा, हे मात्र तिनं घरी सांगितलं नाही.

मास्तरांनी तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हटली, डोळे मिटले. पहिल्या दांडीवरून अंगठा फिरला. दुसरी... तिसरी... सहावीवर तो थांबला.

"यंत्राला दोष नाही," ते म्हणाले. "सहाही एकसारख्या. पण भजनी मंडळातल्या बाप्यांच्या पंजात ही चमच्यासारखी वाटेल. ही ज्या हातासाठी कोरली तो लहान आहे, अंगठाही आखूड... दे बघू हात."

लहानपणी करवतीनं देल्फिनाच्या डाव्या अंगठ्याचं टोक नेलं होतं. मास्तरांनी तो अंगठा दांडीच्या पाठीवर टेकवला. तिथं हलकासा उतार होता. अंगठा त्यात असा बसला, जणू तिथंच राहत होता.

"ही तुझ्यासाठी कोरली आहे, पोरी. आणि तू तिच्या सहा नकला काढल्यास."

अन्सेल्मो दारात टोपी चुरगाळत उभा होता. "चूक माझी, मास्तर. नमुना म्हणून दुसरी द्यायला हवी होती. पण गेले दोन महिने हातून दुसरी उतरतच नाही."

देल्फिनाचे कान तापले. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तू एकोणचाळीस ठिकाणी मोजलीस... हातात धरून नाही पाहिलीस."

उत्सवाला नऊ दिवस उरले होते, आणि कपाटावर मावशीचं बोलावण्याचं पत्र होतं.

"बाबा," ती म्हणाली, "बाप्यांच्या मापानं यंत्र नव्यानं कोरेल. तीन मिलिमीटर लाकूड जादा ठेवेल. वरचं काम हातानं. तुमचा हात थरथरतो. याचा नाही."

"परक्याच्या हातची दांडी या घरात बसत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी सहावी दांडी पुन्हा उचलली, अंगठा त्या उतारावर ठेवला. मग अन्सेल्मोकडे न बघताच म्हणाले, "तेव्हा त्याला म्हणावं, परका राहू नकोस."

अन्सेल्मोनं टोपी खुंटीला टांगली आणि तासणी उचलली. देल्फिनानं यंत्र सुरू केलं. तिचा हात बटणावर जरा जास्तच वेळ राहिला.

उत्सवात सहा गिटारी एका सुरात वाजल्या. त्या सहा लहान दांड्यांच्याही गिटारी झाल्या. पाच दूरच्या लहान हातांत गेल्या, एक घरीच आहे. आता उठा, आपापल्या घरी जा. पण कुठं देवापुढे गिटार वाजताना ऐकलीत, तर आमच्या फेलिसियानो मास्तरांची आठवण काढा. हात थकले होते त्यांचे, पण लेकीला आलेला निरोप त्यांनी डोळे मिटून वाचला.