झाकण लावण्याआधी

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही मानायलाच हवी असा माझा हट्ट नाही, कारण पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही हसलो होतो. पण जिनं सांगितली ती माझी सख्खी मावशी आहे, आणि स्वतःचं वय सोडलं तर ती कशाबद्दलच खोटं बोलत नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. भुताची गोष्ट म्हटली की आपल्याला काळोख लागतो, रडणारी कुत्री लागतात. इथे तसलं काही नाही. भर दुपार होती. ऊन लख्ख होतं. धक्क्यावर बँड वाजत होता, आणि मावशी एका भल्यामोठ्या प्रवासी जहाजाकडे मान वर करून बघत होती.

जहाज जुनं होतं.

मावशीच्या लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आईबाबांना समुद्रसफरीची तिकिटं दिली होती. तिकिटं हातात पडल्यापासून मावशीची झोप उडाली होती. तिनं फोनवर त्या जहाजाचे सगळे फोटो शोधून काढले. एका फोटोत पुढच्या टोकापाशी गंजाचे ओघळ दिसत होते. दुसऱ्यात नव्या नावाच्या रंगाखालून जुनं नाव डोकावत होतं.

"अहो, नाव बदललंय त्याचं. माणूस नाव कधी बदलतो? काहीतरी लपवायचं असतं तेव्हाच ना?"

"लग्नात तुझंही आडनाव बदललं. तू काय लपवलंस?" काका म्हणाले.

"चेष्टा नको. बुडालं म्हणजे?"

"बुडालं तर पोहायला शिकशील. इतकी वर्षं मागे लागलोय."

काकांची जीभ अशी. पण त्यांना जहाजातलं कळत होतं. सगळी नोकरी गोदीत फिटर म्हणून गेली, जहाजांच्या पोटात शिरून. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक मित्र अजून तिथेच कामाला आहे. खिशात कायम पक्कड, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणतात. मावशीनं गुपचूप त्यालाही फोन लावला होता.

"वहिनी, जहाज म्हातारं आहे, पण हाडं पक्की आहेत," पक्कड म्हणाला. "आणि सोबत उस्ताद आहेत ना? मग कसली भीती?"

उस्ताद म्हणजे काका.

आता काकांची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जहाजाच्या भिंतींमागे आणि तळाशी बंद, रिकामे कप्पे असतात. दुरुस्तीच्या वेळी माणसं त्यांत शिरून काम करतात. काम संपलं की बाहेरून जाड लोखंडी झाकण बसवून नट आवळायचे. एकदा आवळले की आतला माणूस कितीही ओरडला तरी बाहेर ऐकू येत नाही. म्हणून गोदीत एक नियम होता. झाकण लावण्याआधी त्यावर ठोकायचं आणि थांबायचं. आत कोणी राहिलं असेल तर तो ठोकून उत्तर देतो. उत्तर आलं की झाकण उघडायचं. मग वरचा साहेब आकांडतांडव का करेना.

प्रत्येकाचा ठोका वेगळा. काकांचा ठोका म्हणजे दोन भरभर, जरा थांबून एक.

टक टक… टक.

ही सवय घरीही आली. काका दार लावण्याआधी ठोकायचे. कपाट लावण्याआधी ठोकायचे. बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावतानासुद्धा टक टक… टक. आम्ही लहानपणी विचारायचो, "काका, बिस्किटांत कोण अडकलंय?" ते डोळे वटारून म्हणायचे, "विचारल्याशिवाय कसं कळणार?"

मावशी कपाळावर हात मारायची. "जित्याची खोड, मेल्याशिवाय जायची नाही!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

केबिन खालच्या मजल्यावर होती, बोळाच्या अगदी टोकाला. गालिचा नवा, दिवे नवे, चादरी पांढऱ्याशुभ्र. पण पलंगामागची भिंत लोखंडी होती, आणि रंगावर रंग चढून तिला गाठी आल्या होत्या. एका कोपऱ्यात रंग फुगला होता. मावशीनं नखानं टोचलं. लालसर भुगा तिच्या बोटाला लागला.

"बघा. वरून रंगरंगोटी आणि आत सगळं पोकळ."

"थांब, तुझी शंका मिटवतो एकदाची," काका म्हणाले. "चांगलं लोखंड आवाजावरून कळतं."

त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि सवयीनं भिंतीवर ठोकलं.

टक टक… टक.

"ऐकलास आवाज? कसा खणखणीत. अजून वीस वर्षं…"

ते बोलायचे थांबले.

भिंतीच्या पलीकडून उत्तर आलं होतं…

टक टक… टक.

मावशी सांगते, काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्यांनी कान भिंतीला लावला. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा आलं. हळू. दमलेल्या माणसानं दिल्यासारखं.

"पलीकडे केबिन असेल कुणाची," मावशी म्हणाली.

"पलीकडे केबिन नाही. कप्पा आहे. बंद."

बोळाच्या टोकाला, जिथे गालिचा संपत होता, तिथे भिंतीत ते झाकण होतं. नटांवर रंगाचा थर. काकांनी जाऊन जहाजावरचा एक मेकॅनिक पकडून आणला. निळा डगला घातलेला, घाईत असलेला तरुण माणूस.

"काका, हा कप्पा मागच्या दुरुस्तीपासून उघडलेला नाही. तुमच्याच ठोक्याचा प्रतिध्वनी असेल."

"प्रतिध्वनी इतका वेळ विचार करत बसत नाही."

"थोड्या वेळात जहाज सुटायचंय हो."

"ठोक्याला ठोका आला की झाकण उघडायचं. तुम्हाला शिकवलं की नाही?"

मेकॅनिकनं मान खाली घातली. शिकवलं होतं. त्यानं पाना आणला.

नट कुरकुरत सुटले. झाकण बाजूला झालं. आतून गार, ओलसर, लोखंडाचा वास असलेली हवा आली. मेकॅनिकनं पंखा लावून बराच वेळ आत हवा खेळवली, मग बॅटरीचा झोत टाकला. रिकामं. गंजलेल्या भिंती, आणि पुढे एक वळण.

"झालं समाधान?"

"वळणापलीकडे कोण बघणार?" काकांनी बॅटरी त्याच्या हातातून घेतलीसुद्धा.

"अहो, तुम्ही नका जाऊ!" मावशीनं त्यांची बाही धरली. "निवृत्त झालात ना? जाईल तो."

"अगं, मी ठोकलं. मलाच बघायला हवं." त्यांनी तिचा हात हळूच सोडवला. "हा आलो."

ते वाकून आत शिरले. उजेड वळणापर्यंत गेला आणि वळला.

मग उजेड दिसेना.

पावलांचा आवाजही थांबला…

"अहो?"

काही नाही.

"अहो! ऐकताय ना?"

वर बँड वाजत होता. कुणाची तरी पोरं बोळातून पळत गेली. मावशीचा जीव टांगणीला लागला होता. मेकॅनिक आत डोकं घालणार, एवढ्यात काका झाकणाच्या तोंडाशी आले.

येताना त्यांची पावलं वाजली नव्हती.

"आत कोणी नाही," ते म्हणाले. "लावून टाका."

मावशीचा जीव भांड्यात पडला. इतका, की तिला बाकीचं काही दिसलंच नाही. नंतर आठवत गेलं ते असं. मेकॅनिकचे नुसतं झाकण काढून कोपरापर्यंत हात लाल झाले होते. काका आत जाऊन आले, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गंजाचा एक कण नव्हता.

"माझी बॅटरी?" मेकॅनिकनं विचारलं.

"आत राहिली. राहू दे."

झाकण बसलं. नट आवळले गेले. एकेक करून सगळे.

काका बाजूला उभे होते. हात खाली सोडून.

ठोकलं नाही त्यांनी…

मावशीलाही सुचलं नाही. सगळा संसार तो आवाज ऐकण्यात गेला, आणि नेमका त्या दिवशी तिला तो आठवला नाही. माणूस परत आला होता ना, मग कशाला आठवेल?

केबिनमध्ये येऊन ती पाणी प्यायली. काका समोर खुर्चीत बसले. वर भोंगा वाजला, लांबलचक. शिडी उचलत असल्याची घोषणा झाली.

आणि पलंगामागच्या भिंतीतून आवाज आला…

टक टक… टक.

मावशीनं आधी काकांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

टक टक… टक. आता जोरात. टक टक… टक. टक टक… टक.

"अहो… ऐकलंत?"

"जुनी जहाजं आवाज करतात," काका म्हणाले.

एवढंच. चेष्टा नाही, टोमणा नाही. तिला घाबरट म्हणाले नाहीत. मावशीला वाटलं, एकदा तरी घाबरट म्हणा हो.

ती दाराकडे धावली. वर जायचं, शिडी थांबवायची, ते झाकण पुन्हा उघडायला लावायचं. काका तिच्या आधी दारात होते. कसे पोहोचले तिला कळलं नाही. त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा हात गार होता आणि किंचित ओला.

"बस," ते म्हणाले. "सुटलं जहाज."

खरंच सुटलं होतं. पायांखालची जमीन हलत होती.

जहाजाला काहीही झालं नाही, हे मुद्दाम सांगतो. समुद्र शांत होता. जहाज ठरल्या वेळी परत धक्क्याला लागलं. मावशीची जहाजाबद्दलची भीती साफ खोटी ठरली.

सफरभर ती वरच्या डेकवर खुर्चीत झोपली. खाली गेली की ठोके यायचे. दिवसागणिक क्षीण होत. तिनं त्या मेकॅनिकला गाठलं, हातापाया पडली. तो भिंतीला कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, मला काहीच ऐकू येत नाहीये." शेवटच्या दिवशी सामान बाहेर गेल्यावर तिनं स्वतः बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकलं.

उत्तर लगेच आलं. जणू कोणी भिंतीला टेकूनच बसलं होतं…

घरी आल्यावर सगळं सुरळीत चालू झालं. काकांना सगळं आठवत होतं. लेकीचा वाढदिवस, डॉक्टरांची वेळ, माझं टोपणनाव. उलट जास्तच शांत झाले होते. लोक म्हणाले, सफर मानवली. मावशीनं कुणाला काय सांगायचं? नवरा भांडत नाही म्हणून तक्रार करायची?

एका संध्याकाळी काकांनी बिस्किटं घेतली आणि डब्याचं झाकण गपकन लावलं. मावशीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जित्याची खोड…"

पुढचं ती बोललीच नाही.

बऱ्याच दिवसांनी पक्कडचा फोन आला. दुपारची वेळ. काका खुर्चीत पेपर वाचत होते.

"वहिनी, गंमत सांगू? तुमचं ते जहाज आमच्या गोदीत आलंय, मोठ्या दुरुस्तीला."

मावशी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. हलक्या आवाजात तिनं त्याला खालच्या मजल्यावरचं ते झाकण सांगितलं. "भाऊजी, फक्त एकदा ठोका. का ते विचारू नका."

"तिथंच उभा आहे की. चालूच ठेवा फोन."

हातोडीचा ठोका ऐकू आला. मग शांतता.

मग दुरून, लोखंडाच्या आतून…

टक टक… टक.

काकांच्या शेजारी उभं राहून पक्कडनं सगळी उमेदवारी काढली होती. तो ठोका त्याला ओळखू येणार नाही असं होणंच शक्य नव्हतं.

"वहिनी…" त्याचा आवाज फाटला होता. "उस्ताद घरीच आहेत ना?"

मावशीनं दारातून बाहेर पाहिलं. पेपर तसाच उभा धरलेला. पान उलटलं नव्हतं.

"उघडा भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते, उघडा."

नट सुटल्याचे आवाज आले. झाकण ओढल्याचा आवाज आला. कोणीतरी आत शिरलं.

"कोणी नाही वहिनी. वळणापलीकडेही जाऊन आलो. एक बॅटरी पडलीये नुसती. चालू आहे अजून…"

मावशीच्या डोळ्यांना धारा लागल्या. उशीर झाला, एवढंच तिच्या मनात आलं. आपण उशीर केला.

आणि घराचं दार वाजलं.

टक टक… टक.

ती दाराकडे निघाली.

काकांनी पेपर खाली केला नाही.

"उघडू नकोस," ते म्हणाले.

मावशीनं कडीला हात घातला…

पुढे काय झालं ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. मी खूपदा विचारलं. ती विषय बदलते, चहा टाकते, डोळे पुसते.

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. दार सताड उघडं होतं. हल्ली ते नेहमीच उघडं असतं. मावशी म्हणते, "असू दे रे, हवा येते." आणि बोलता बोलता तिचं लक्ष सारखं जिन्याकडे जातं. काका माझ्याशी छान बोलले. नोकरीचं विचारलं. मग उठले, दारापाशी गेले, आणि ते लावून घेतलं.

न ठोकता.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. काका परत खुर्चीत बसल्यावर ती उठली आणि तिनं दार पुन्हा उघडलं.