उसवलेली बाही

ही गोष्ट खरी आहे. देवापुढे दिवा लावून मगच लिहायला बसले आहे, पदरचं काही घालणार नाही.

गेल्या थंडीतला रविवार. जागा, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातली शिवणाची खोली. आणि वेळ रात्रीची नव्हे... भरदुपारची.

ताईच्या घराला एक छंद. जुन्या काळचे कपडे हाताने शिवायचे आणि ते घालून जुने महाल बघायला जायचं. शिवायची ताई. "मी तयार केलंय," असं चारचौघांत सांगायचे भाऊजी.

आदल्याच आठवड्यात ते एका महालात गेले होते. तिथल्या शिवणखोलीत एक अर्धवट झगा खुर्चीवर तसाच ठेवलेला. एक बाही टाचलेली, सुई दोऱ्याला लटकलेली. शिवणारी बाई काम संपायच्या आत गेली, असं रखवालदार म्हणाला.

त्याची पाठ वळली. भाऊजींनी टाके उसवले, बाही खिशात घातली.

रविवारी ती बाही ताईला टेबलावर दिसली.

"कुणाच्या हातचं काम उसवलंत हे?"

"अगं, कापड कसं बेतलंय ते बघायला आणली. ती बाई मरून दोनशे वर्षं झाली. ती काय भांडायला येणारे?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती हातातल्या शिवणाकडे वळली. नेहमीसारखी.

तेवढ्यात बंद कपाटातून आवाज आला.

टक्...

टक्...

टाके तुटत होते. शिवणाऱ्या बाईला हा आवाज झोपेतही कळतो.

ताईने कपाट उघडलं. आत कोणी नव्हतं.

आणि एकाही कपड्याला... डावी बाही नव्हती.

सगळ्या बाह्या खाली होत्या. घडी घालून, एकावर एक.

"उंदीर असेल," भाऊजी म्हणाले.

"घड्या घालणारा?"

इतक्यात लेक नवा झगा घालून दारात आली.

"आई, खांद्याला काहीतरी टोचतंय गं."

टक्...

तिची बाही गळून पडली. उघड्या खांद्याभोवती लाल ठिपके होते. एका ओळीत... टाके घालावेत तसे.

ताईने हात पुढे केला. "ती बाही द्या."

"अगं, बाहीचं माप घ्यायचं राहिलंय माझं."

"तिकडे कुणीतरी माझ्या लेकीचं माप घेतंय. द्या म्हणते ना."

आवाज चढला नव्हता. तरी भाऊजींनी मुकाट्याने दिली.

ताई एकटीच महालात गेली. रखवालदाराला खरं ते सांगितलं आणि आपल्या सुईने बाही परत टाचायला बसली.

"बाई गं," ती हळूच म्हणाली, "ज्याचा राग त्याच्यावर काढ. माझ्या लेकीवर नको."

झग्याची लटकलेली सुई... थांबली. तोवर ती हलत होती, हे ताईला तेव्हा कळलं.

घरी आली तर लेकीच्या खांद्यावर ठिपका नाही. कपाटातले सगळे कपडे शिवलेले. टाके ताईच्याहून बारीक.

फक्त भाऊजींचा कोट तसाच. आणि भाऊजी डावा खांदा धरून बसलेले.

आजही पाहुण्यांपुढे ते "मी तयार केलंय" म्हणायला लागले, की कपाटात आवाज होतो.

टक्...

त्यांचा हात खांद्याकडे जातो.

मी ताईला म्हटलं, "एकदा महालात जाऊन त्या बाईची समजूत काढ ना."

ताईने दाताने दोरा तोडला.

"जाईन की. मला कुठे घाई आहे?"

रोज देवापुढे बसले की ते घर डोळ्यांसमोर येतं. हात जोडते... पण कुणासाठी काय मागावं, तेच सुचत नाही.