बारावा उतारू

सिंगापूरच्या चांगी पॉइंट धक्क्यावर अकरा माणसं जमली होती आणि बाराव्याचा पत्ता नव्हता.

उबिन बेटावर जाणाऱ्या तिथल्या जुन्या लाकडी बोटींना वेळापत्रक नसतं. बारा उतारू जमले की बोट सुटते, नाही जमले तर बसा टेकून. दहा जण तसे निवांत टेकून बसलेही होते. अकरावी होती क्षिप्रा, आणि तिला काही बसवत नव्हतं. दर शनिवारी ती स्वयंसेवक म्हणून उबिनला जायची, ओहोटीच्या वेळी लोकांना खारफुटीतले खेकडे नि चिखलातले मासे दाखवायला. ओहोटी काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. तशी क्षिप्रासुद्धा कुणासाठी थांबणाऱ्यांतली नव्हतीच म्हणा. लिफ्टचं बटण ती चारचारदा दाबायची, सिनेमाचा शेवट आधी वाचून घ्यायची. जन्मलीसुद्धा आठव्या महिन्यात, आणि तेव्हापासून आपण हिच्या मागे धावतोय, असं तिची आई सांगायची.

"अंकल, अकरा आहोत ना. चला की!" तिने बोटवाल्या म्हाताऱ्या चिनी अंकलना इंग्रजीत विनवलं.

"ट्वेल्व्ह पीपल, देन गो, लाह," अंकल पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

एका जागेचं जादा भाडं भरलं असतं तर बोट सुटली असती. पण रिकाम्या जागेचं भाडं भरायचं म्हणजे... पुण्याच्या सहकारनगरात वाढलेल्या मुलीला ते कसं जमावं? बाहेर पावसाची भुरभुर सुरू होती. ती तशीच तावातावाने शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडपात, शिरली. पहिल्याच टेबलावर एक उंच, सावळा माणूस जाडजूड पुस्तक उघडून सूप पीत बसला होता.

"आई गं... भाजलं!" तो म्हणाला.

क्षिप्रा जागच्या जागी थांबली. "मराठी का तुम्ही?"

"ह... हो." जीभ भाजल्यामुळे त्याला धड बोलताही येईना.

"उबिनला येताय ना?"

"नाही हो. मी नुसतं सूप प्यायला आलोय. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा—"

"बोटीत वाचा. दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. उठा, तुम्ही बारावे आहात!"

आणि तो उठला! का उठलास, असं तिने पुढे त्याला पुष्कळदा विचारलं. दर वेळी तो वेगळं कारण द्यायचा. कधी सूप बेचव होतं म्हणायचा, कधी पुस्तक कंटाळवाणं होतं म्हणायचा. एकदाच खरं बोलला, की तिच्या कपाळावर पावसाने एक बट चिकटली होती आणि ती बाजूला करायची तिला फुरसत नव्हती... तेवढंच तो बघत राहिला होता.

बोट सुटली. डिझेलचा वास, अंगावर उडणारे तुषार, डोक्यावरून चांगीला उतरणारं विमान. आणि हा गृहस्थ मान खाली घालून बसलेला.

"समुद्र बघा ना! खाली काय बघताय?"

"इंजिन ऐकतोय," तो म्हणाला. "याचा इंजेक्टर साफ करायला झालाय."

त्याचं नाव दर्शन. गाव चिपळूण. जहाजावर सेकंड इंजिनियर होता आणि चीफ इंजिनियरच्या परीक्षेसाठी सिंगापुरात आला होता. लिटिल इंडियात भाड्याची खोली घेऊन अभ्यास करत होता.

"दहा वर्षं समुद्रावर आहे, पण समुद्र काही फारसा पाहिलेला नाही," तो म्हणाला. "आम्ही जहाजाच्या पोटात असतो. वर आलो की नेमका अंधार पडलेला असतो."

"मग आज बघून घ्या," क्षिप्रा म्हणाली. त्याने मान वर केली. बघितलं मात्र तिच्याकडेच.

बेटावर ती लोकांना चिखलात उड्या मारणारे मासे दाखवत होती, त्यांना जपणं किती गरजेचं आहे ते गंभीरपणे सांगत होती. दर्शन मागून हळूच मराठीत म्हणाला, "अहो, हे तर निवटे! आमची आजी यांचं काय झकास कालवण करायची..." क्षिप्राला इतकं हसू आलं की पुढची पाच मिनिटं तिला कुणाला काही सांगताच येईना.

पुढच्या शनिवारी तो धक्क्यावर तिच्या आधी हजर होता. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि कुणी आधी केलं यावरून दोघांचं भांडणही झालं. क्षिप्रा बसस्टॉपपर्यंत धावून उतारू गोळा करायची. दर्शन सायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन तिची गंमत बघत बसायचा. तो एकेका धनेश पक्ष्यासाठी झाडाखाली पाऊण तास उभा राहायचा, आणि चौथ्या मिनिटाला चुळबुळणारी क्षिप्रा त्याच्याशेजारी चक्क पाऊण तास टिकायची. आपल्याला झालंय तरी काय, हे तिला कळत होतं. न कळायला ती काही सोळा वर्षांची नव्हती.

एकदा मात्र नारळपाणी पिता पिता ती बोलून गेली होती, "जहाजावरच्या माणसाशी संसार कोण करणार रे? मला पिझ्झाचीसुद्धा वाट बघवत नाही!" दर्शन हसला होता. जरा उशिरा हसला होता. त्यानंतर त्याने तसला विषयच कधी काढला नाही.

आणि मग तो पास झाला. त्याला जहाजही लगेच मिळालं. चार महिन्यांसाठी, आणि निघायचं रविवारी सकाळी.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, परतीच्या वेळी दोघं उबिनच्या धक्क्यावर बसली होती. पाऊस नुकताच थांबला होता. त्या दोघांना धरून नऊच उतारू जमले होते. स्वतःच्याच त्या एका वाक्याने क्षिप्राचा घात केला होता. हा आता विचारणार नव्हता, आणि न विचारताच गेला तर चार महिने जहाजाच्या पोटात बसून स्वतःची नीट समजूत घालून परत येणार होता. समजूतदार माणसांची हीच तर भीती असते.

अंकल बोटीतून तिच्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"एह, गर्ल! टुडे यू डोन्ट कॅच पीपल, आह? व्हाय?"

क्षिप्राचे कान तापले. दर्शनने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"खरंच की," तो हळू म्हणाला. "आज तू उठलीच नाहीस."

"पाय दुखतायत."

"क्षिप्रा..."

"दुखतायत म्हटलं ना!"

तेवढ्यात सायकली परत करून पाच जणांचं एक कुटुंब धावत आलं. अंकलनी हाका मारल्या. क्षिप्राने दोन बोटं दाखवून मान हलवली. तुम्ही व्हा पुढे, आम्ही दोघं राहतो. अंकल गालात हसले आणि बाराजणांना घेऊन बोट निघून गेली. धक्क्यावर दोघंच उरली.

"मला... एक विचारायचं होतं," दर्शन म्हणाला. डोक्यावरच्या हेल्मेटचा पट्टा तो उगाच घट्ट करत होता. "पण आत्ता नको. घाई नाही. तू चार महिने विचार कर. मी आलो की सांग..."

"चार महिने?" क्षिप्रा ताडकन उभीच राहिली. "चार महिने मी उत्तर तोंडात धरून बसू?"

"म्हणजे... उत्तर आहे तुझ्याकडे?"

"कधीचं! तू विचारशील तर ना! विचार. आत्ता विचार."

त्याने एक खोल श्वास घेतला. "लग्न करशील माझ्याशी?"

"करीन."

"पण तुला वाट बघवत नाही—"

"नाहीच बघवत. रडेन, चिडेन, तुझ्या जहाजावरच्या इंटरनेटला शिव्या घालीन. पण तू येणार आहेस हे माहीत असलं, तर बघेन रे वाट. तुझी बघेन." "प्रेम आहे माझं तुझ्यावर. एवढंही कळत नाही का तुला, इंजिनातलं सगळं कळतं ते?"

दर्शनने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला.

क्षिप्राने दुसऱ्या हाताने फोन काढला.

"कुणाला लावतेयस?"

"आईला."

"आत्ता? अगं, थांब—"

थांबायची सवय कुणाला होती? पुण्यात दुपारचा दीड वाजला होता. आईचा झोपाळू चेहरा पडद्यावर आला. "आई, हा दर्शन. उद्या जहाजावर जातोय. चार महिन्यांनी आला की घरी घेऊन येते. आम्ही लग्न करतोय."

आईची झोप उडाली. दर्शनने घाईघाईने नमस्कार केला. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं.

"नमस्कार, काकू."

"डोक्यावरचं ते काढ रे आधी. तोंड दिसू दे."

त्याने हेल्मेट काढलं. घामाने केस चप्प बसले होते, कान लालबुंद झाले होते. आई चष्मा लावून बराच वेळ निरखत राहिली. क्षिप्राने श्वास रोखून धरला.

"जहाजावर गरम जेवण मिळतं का रे?"

"मिळतं, काकू. आमचा कुक गोव्याचा आहे."

"हं," आई म्हणाली. "बरा आहे."

आणि तिने फोन ठेवून दिला.

दर्शनचा चेहरा उतरला. "नुसतं 'बरा'? म्हणजे... नाही पसंत पडलो का मी?"

सहकारनगरात याहून मोठी पावती कुणाला देत नाहीत, हे चिपळूणच्या माणसाला कोण सांगणार? सांगायला क्षिप्राने तोंड उघडलं, पण तिला हसू फुटलं आणि रडूही फुटलं, दोन्ही एकदमच. शेवटी तिने त्याच्या ओल्या शर्टात तोंड खुपसलं आणि नुसतीच मान हलवली.