हात आत आहे

यंत्रात हात घालण्याआधी इंजिनियरबाई ओरडायच्या, "हात आत आहे!" खटक्यापाशी उभ्या असलेल्या माणसानं "बंद आहे!" असं उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय बाईंचं बोटसुद्धा आत जात नसे. सवय इतकी अंगात मुरलेली, की सुट्टीवर घरी गेल्यावर फडताळात हात घालतानाही त्या तेच ओरडत, आणि न्हाणीघरातून यजमान निमूटपणे म्हणत, "बंद आहे."

त्या दिवशी त्यांची युद्धनौका अंतराळात, कुठल्याही तळापासून फार लांब, एका काळ्या खडकाच्या आडोशाला तरंगत होती. सकाळच्या चकमकीत इंजिन थंड ठेवणाऱ्या नळीची झडप फुटली होती आणि इंजिन बंद पडलं होतं. शत्रूचं जहाज खडकाला वळसा घालत त्यांना हुडकत होतं. ते समोर येण्याआधी इंजिन सुरू झालं नाही, तर सगळ्यांचाच कारभार आटोपला.

झडपेचं रबर कोठारात नव्हतं. बाईंनी स्वयंपाकघरातल्या कुकरची रिंग मागवली. आचाऱ्यानं खळखळ केली, पण दिली. ती कापून, तेल चोळून बाईंनी झडपेत चपखल बसवली, हात बाहेर काढला, झाकण लावलं आणि बोल्ट आवळले.

"हात बाहेर! कर चालू."

खटक्यापाशी वायरमन होता. निवृत्तीला टेकलेला, पोट सुटलेला, बाईंच्या हाताखाली अर्धं आयुष्य काढलेला गडी. त्यानं खटक्याला हात लावला.

"हात आत आहे," कुणीतरी म्हणालं.

"बंद आहे!" वायरमन सवयीनं ओरडला. मग त्यानं बाईंकडे पाहिलं. "अहो बाई, आत्ताच तर बाहेर म्हणालात."

"मी बोलले नाही."

"मग कोण, माझी सासू?"

आवाज झाकणाच्या आतून आला होता. आत कोपरापर्यंत हात जाईल एवढीच जागा. तिच्यामागे नौकेची भिंत, आणि भिंतीपलीकडे नुसती पोकळी.

स्पीकर खरखरला. पलीकडे नौकेचे कप्तान होते, बाईंचे धाकटे दीर. "वहिनी... म्हणजे, मुख्य अभियंता! अजून चालू का होत नाहीये?"

"भावोजी, आत कुणाचा तरी हात आहे."

"कुणाचा?"

"तेच बघतेय. सगळ्यांना हात वर करायला सांगा बरं. दोन्ही."

वहिनींपुढे हुकूम चालत नाही हे कप्तानांना लग्नाच्या मांडवापासून ठाऊक होतं. थोड्या वेळानं त्यांचा पडेल आवाज आला. "सगळ्यांचे वर आहेत. तोफवाल्यांचे, आचाऱ्याचे, माझेही. नौका कोण सांभाळतंय ते विचारू नका."

"हात आत आहे," आतून पुन्हा आलं. आवाज अदबशीर होता, पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसा.

वायरमनचं कपाळ घामानं निथळत होतं. "हवा असेल, बाई. नळीत अडकली की बोलते कधीकधी."

"इतकं स्पष्ट?"

"वहिनी, त्यांच्या जहाजाचं नाक दिसायला लागलं," कप्तान म्हणाले. "तोफा वळताहेत. चालू करा! हा हुकूम आहे. बरं, विनंती समजा."

वायरमनचा हात खटक्याकडे गेला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"आत हात असताना मी आजवर यंत्र चालू केलेलं नाही. कुणाचा का असेना."

मग त्या झाकणाला तोंड लावून, हट्टी लेकराला समजवावं तशा म्हणाल्या, "बाळा, काढ हात. चालू करायचंय."

आत काहीतरी खुडबुडलं. मग, "अडकलाय."

झाकणाला तपासणीची लहानशी खिडकी होती. बाईंनी ती उघडली.

"हात आत आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"बंद आहे," वायरमन पुटपुटला.

"बंद आहे," आतूनही उत्तर आलं.

बाईंनी उजवा हात आत घातला. रिंगेखाली बोटं होती. गार, ओलसर. बाईंनी ती मोजायला घेतली आणि मधेच सोडून दिली. स्क्रूड्रायव्हरनं रिंग जराशी उचलली. त्या बोटांनी आधाराला बाईंची बोटं घट्ट धरली, आणि मग ती सुटली.

"काढला."

बाईंनी हात ओढून घेतला, खिडकी लावली. "चालू!"

इंजिन गरजलं. नौकेनं अशी उसळी मारली की वायरमन पोटावर आपटला. मागे शत्रूच्या तोफेनं खडकाचा भुगा केला, नुसत्या खडकाचा. वरच्या मजल्यांवरून आरोळ्या ऐकू आल्या.

"वहिनी," स्पीकरवर कप्तान, "आता हात खाली घेऊ का?"

"घ्या, भावोजी."

वायरमन जमिनीवरच हसत सुटला. हसता हसता थांबला.

गरगर फिरणाऱ्या इंजिनातून तोच अदबशीर आवाज आला.

"तुमचा आत राहिला."

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. तेलकट, धडधाकट.

त्यांनी उजवी मूठ मिटून पाहिली.

मिटेना. मधे कुणाची तरी बोटं होती, आणि ती आता गार राहिली नव्हती.