दोन उश्या

नर्सिंग कॉलेजच्या नाटकासाठी खाट हवी होती, आणि ती आणायला सरांनी धाकटीला पाठवलं. काम साधंच होतं. दवाखान्यातला जुना बायकांचा वॉर्ड बंद होऊन वर्ष झालं होतं आणि तिथल्या लोखंडी खाटा जिन्याखाली रचून ठेवल्या होत्या. तिने पहिली हाताला लागली ती निवडली आणि शिपायाला घेऊन हॉलमध्ये आणली. जमिनीवर टेकवताच खाट टक करून वाजली. एका पायाचं रबर गेलेलं होतं. हा आवाज धाकटीने त्याच वॉर्डात बावीस दिवस ऐकला होता. ताई कुशीवर वळली की टक.

अशा खाटा दवाखान्यात पन्नास असतात, असं तिने स्वतःला समजावलं आणि वर चादर घातली.

सर दरवर्षी मुलींकडून नाटक करून घेत. "इंजेक्शन द्यायला कुणीही शिकतं," ते म्हणत. "एकदा पेशंटच्या जागी झोपून बघा. मग कळेल, दिवसभर छताकडे बघत पडणं म्हणजे काय." या वर्षी त्यांनी प्रत्येकीला आपल्या घरातल्या आजारपणाबद्दल लिहायला सांगितलं होतं. धाकटीने ताईबद्दल लिहिलं. ताईचं हृदयाचं दुखणं, लागणारा दम. शेवटच्या दुपारी आई डबा आणायला घरी गेलेली, उशाशी धाकटी, हातात हात. 'तू होतीस म्हणून बरं वाटलं,' असं म्हणून ताई झोपेतच गेली. सरांनी ते वाचून चष्मा पुसला आणि त्याचंच नाटक केलं.

ताईचं काम आपल्यालाच मिळणार, हे धाकटीने धरूनच ठेवलं होतं. मिळालं चिमणीला.

"सर, बहीण माझी होती."

"म्हणूनच नको. तू स्वतःच रडशील. आपल्याला समोरच्यांना रडवायचंय. तू प्रॉम्प्टिंग कर, तुझं सगळं पाठच आहे."

आता बोला! दुःख हिचं, अश्रू हिचे, आणि आयत्या बिळावर नागोबा ती चिमणी. होस्टेलवर राहणारी, कशालाही खिदळणारी, जिचं उभ्या आयुष्यात छत्रीखेरीज काही हरवलं नव्हतं. धाकटी विंगेत स्टुलावर बसे, मांडीवर वही घेई आणि जळफळत राही. चिमणी बिचारी येऊन विचारी, "ताई पाणी कशा प्यायच्या गं?" धाकटी मुद्दाम खोटं सांगे. "घटाघट." चिमणी मान डोलावून खाटेवर जाई आणि पेला छातीवर टेकवून अगदी घोट घोट पिई. ताई पीत असे तशी.

एका तालमीला चिमणी मधेच उठून बसली.

"सर, मला दोन उश्या लागतील. एकीवर दम कोंडतो."

धाकटीने मान वर केली. हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. इथे पडलं की कळतं."

सर खूश झाले. बघा, याला म्हणतात दुसऱ्याच्या जागी जाणं! धाकटीला मात्र विंगेत निलगिरीच्या तेलाचा वास आला. ताईच्या छातीला आई रोज तेच चोळायची. तेल इथे कुणाकडेच नव्हतं. वास विंगेतून सरकत सरकत खाटेकडे गेला. आपल्याजवळ न थांबता गेला, हे धाकटीला भीतीपेक्षा जास्त झोंबलं.

खरं काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण धाकटी कुणालाच सांगणार नाही. त्या दुपारी ताई म्हणाली होती, "थांब ना थोडं. आई येईपर्यंत." धाकटी सकाळपासून बसून कंटाळली होती. येणारा जाणारा ताईचीच चौकशी करी, आईला घरात दुसरी मुलगी आहे याची आठवण राहिली नव्हती. "तुझं रोजचंच आहे," असं म्हणून ती खाली कँटीनमध्ये मैत्रिणींबरोबर चहाला गेली. परत आली तेव्हा ताई थंड पडत चालली होती. धाकटी मुकाट्याने उशाशी बसली, हात हातात घेतला आणि आईची वाट पाहिली. ते तिचं पहिलं नाटक, आणि ते झकास वठलं. तेव्हापासून आई त्या एका वाक्यावर जगत होती. दर दोन दिवसांनी विचारी, "काय म्हणाली होती गं ती?" आणि धाकटी सांगे.

प्रयोग संध्याकाळी पाचला होता. हॉल गच्च भरला, आई पहिल्या रांगेत. शेवटच्या प्रवेशात चिमणी दोन उश्यांना टेकून पडली होती. धाकटीचं काम करणारी लंबू नावाची मुलगी शेजारी बसली होती. आता फक्त ते एक वाक्य उरलं होतं.

चिमणी अडली.

धाकटीचं बोट वहीत त्याच ओळीवर होतं. ओठ उघडले, आणि तिने ते मिटून घेतले. होऊ दे फजिती. कळू दे सगळ्यांना, दुसऱ्याची बहीण अशी उसनी मिळत नाही. एक क्षण गेला... दुसरा गेला... हॉलमध्ये कुणी खोकलं.

टक.

आणि धाकटीच्या मानेमागून कुणीतरी कुजबुजलं. मध्ये दम घेत, तुटक तुटक. तिच्या मागे नुसती भिंत होती.

"थांब ना... थोडं," चिमणी खाटेवरून म्हणाली. "आई येईपर्यंत..."

लंबू गोंधळली. हे नाटकात नव्हतं. मग काय वाटलं तिला कोण जाणे, ती उठून खाटेच्या कडेवर बसली आणि चिमणीचं डोकं तिने मांडीवर घेतलं. "थांबते गं. कुठे जातेय मी?"

सगळा हॉल हुंदके देऊ लागला. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, ज्यांना कुणी कधी हळवं झालेलं पाहिलं नव्हतं, त्याही पदर डोळ्यांना लावून बसल्या. आई रडली नाही. मान वळवून ती विंगेकडे बघत राहिली.

पडदा पडल्यावर चिमणी धावत आली. "वाचवलंस बाई! पण तुला एवढा दम का लागला होता?"

धाकटीने वही मिटून पिशवीत टाकली. घरी जाताना आईने विषय काढला.

"आज ते म्हणाली नाही ती... 'तू होतीस म्हणून'."

"चिमणी विसरली."

"नाही," आई म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी चिमणीचा फोन आला.

"ऐक ना... माझी रूम पार्टनर गावी गेलीय. तिची रिकामी खाट रात्रभर वाजत होती. आणि कुणीतरी सारखं थांब, थांब म्हणत होतं."

"घाबरली नाहीस?"

"आधी घाबरले. मग वाटलं, तिलाच किती भीती वाटत असेल गं. मग जाऊन बसले तिच्या कडेला."

धाकटीचा मत्सर भीतीच्याही आधी पोचला. माझी ताई. माझी खाट. मेल्यावर यायचंच तर माझ्याकडे यायला हवं होतं, मला घाबरवायला का होईना!

"अजून आहे?"

"हो."

"तिला इकडे पाठव. म्हणावं, आता मी थांबेन. कायमची थांबेन."

चिमणीने फोन दूर धरला असावा. हलकं काहीतरी बोलणं झालं. मग टक.

"...नको म्हणतेय गं."

धाकटीच्या मागे दाराची कडी वाजली. फोनवरचं सगळं बोलणं ऐकून आई चपला घालून उंबऱ्यात उभी होती, काखेत ताईची जुनी उशी.

"आई... कुठे निघालीस?"

आईने तिच्याकडे पाहिलं नाही.

"तिला दोन लागतात," ती म्हणाली. "चिमणीकडे एकच आहे."