नऊ मिलिमीटर

नवऱ्याला समुद्राचं वेड लागायचंच असेल तर त्यानं नोकरी तरी समुद्राकाठी करावी. आमचे मिलिंदराव रेल्वेत, राहायला तारनाक्याच्या क्वार्टरमध्ये, आणि समुद्र म्हणाल तर तीनशे किलोमीटरवर. तरी तीन वर्षं खपून त्यांनी मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एकोणीस फुटी शिडाची होडी बांधली. नाव ठेवलं ‘टिटवी’. का, तर म्हणे टिटवीदेखील समुद्र आटविते! समुद्राचं माहीत नाही, माझा संसार आटला तेवढा.

पंच्याण्णवच्या जानेवारीत टिटवी हुसेनसागर तलावात उतरली आणि घरातलं उरलंसुरलं स्वास्थ्यही गेलं. बेत असा होता की सव्वीस फेब्रुवारीला होडी ट्रकवर घालून काकीनाड्याला न्यायची आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं मद्रास गाठायचं. बारा-चौदा दिवस. माणसं तीन: स्वतः मिलिंदराव, त्यांच्या ऑफिसातले श्रीकांत, आणि आमची एकुलती एक शर्वरी. वय वर्षं एकवीस.

तयारी म्हणजे निव्वळ छळ होता. पेपरवाले रोज लिहीत होते, देश खुला झाला, आता जगातलं सगळं मिळणार. सुलतान बाजारात परदेशी चॉकलेटं आली होती हे खरं. पण आम्ही मागवलेली तीन लाइफ जॅकेटं पाच आठवडे कुठल्याशा गोदामात पडून होती, आणि परवानगीचा फॉर्म कधी सही नाही म्हणून, कधी सही आहे पण शिक्का नाही म्हणून परत येत होता. एसटीडी बूथवाला मला लांबून बघूनच खुर्ची पुसायला लागला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे दोर. स्वयंपाकघरात मेणात बुडवलेल्या काड्यापेट्या वाळत घातलेल्या. माझ्या लोणच्याच्या दोन बरण्या नट-बोल्टांसाठी गेल्या. विचारलं तर उत्तर एकच, “उषा, तुला समुद्र कळत नाही.”

समुद्र नसेल कळत. पण मी कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. वीस वर्षं पोरांची ढापलेली रीडिंग पकडलीत. म्हणून जेव्हा जेवताना मिलिंदराव म्हणाले, की माणसं, सामान, पाणी चढवून होडी किती बसते ते अंदाजे ठीक आहे, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“अंदाजे तुमच्या ऑफिसात,” मी म्हटलं. “माझी पोर अंदाजे बुडाली तर? सगळं चढवल्यावर होडीचा काठ पाण्याच्या वर चाळीस सेंटीमीटर राहिला पाहिजे. मी मोजीन. माझी मापं जुळली तर शर्वरी जाईल, नाहीतर नाही.”

“कबूल!” बापलेक एका सुरात म्हणाले.

शर्वरीला पाठवायचंच नव्हतं मला. सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, आकडे माझ्या बाजूनं असतील.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही हुसेनसागरच्या सेलिंग क्लबच्या जेट्टीवर होतो. वारा नव्हता. पाण्याला तो नेहमीचा हिरवट वास होता आणि मधोमध धुक्यात बुद्धाचा पुतळा उभा होता. होडीचा दोर क्लबच्या यादगिरीनं धरला होता. तलावावरच्या होड्या सांभाळायचं काम त्याचं. गवंडी लोक पातळी बघायला वापरतात तशा पारदर्शक नळ्या मी होडीच्या दोन्ही बाजूंना उभ्या बांधल्या होत्या, खालचं तोंड पाण्यात, शेजारी स्टीलची पट्टी. बाहेर लाटा आल्या तरी नळीत पाणी शांत राहतं. रिकाम्या होडीला पाणी जिथं होतं ते शून्य धरलं.

आधी वाळूची पोती, घराजवळच्या किराणावाल्याच्या काट्यावर मोजून आणलेली. साठ किलो ठेवले की होडी बरोब्बर एक सेंटीमीटर खाली. आणखी साठ, आणखी एक. छान वाटलं मला. किती महिन्यांनी काहीतरी सांगितल्यासारखं वागत होतं.

पोती उतरवून माणसं चढवली. मिलिंदराव मधोमध बसले: बारा मिलिमीटर. बहात्तर किलो, बरोबर. ते उतरले, श्रीकांत चढले: चौदा. म्हणजे चौऱ्याऐंशी किलो.

“वहिनी, हा आकडा आमच्या हिला सांगू नका हं,” ते म्हणाले.

मग शर्वरी चढली. पाणी जिथं होतं तिथंच राहिलं.

मी चष्मा पुसला. दुसऱ्या बाजूची नळी पाहिली. तिथंही शून्य.

“उतर. परत चढ.”

ती उतरली, चढली. शून्य.

“म्हणजे माझं डाएट सक्सेसफुल!” शर्वरी हसली. मला हसू येईना. नळीत शेवाळ अडकलं असणार म्हणून मी दोन्ही नळ्या काढून साफ केल्या, पुन्हा बांधल्या. मिलिंदराव बारा, श्रीकांत चौदा, शर्वरी शून्य. तिच्या जागी वाळू ठेवली तर पाणी लगेच चढलं. वाळू काढली, तिला बसवलं. शून्य.

घरी जाताना तिला किराणावाल्याच्या काट्यावर उभं केलं. चोपन्न किलो. म्हणजे होडी नऊ मिलिमीटर बसायला हवी होती.

“पोरगी जात्याच खलाशी आहे,” मिलिंदराव म्हणाले. “पाऊल हलकं आहे तिचं.”

“पाऊल हलकं असलं म्हणून वजन जातं होय? डोंबल तुमचं!”

“अगं, नऊ मिलिमीटर म्हणजे एवढंसं!” त्यांनी बोटं जवळ आणून दाखवली. “त्याच्यासाठी रविवार घालवलास.”

पुढचे दोन रविवार मी तसेच घालवले. कॉलेजातून चांगली पट्टी आणली, भिंग आणलं. तिला पुढं बसवलं, मागं बसवलं, आडवं झोपवलं. शर्वरी वैतागून गेली. “आई, यू आर टू मच हं,” म्हणायला लागली. एकदा सहज म्हणाली, “मला मात्र होडीवर बरं वाटतं. तो लूनावरून पडल्यावरचा गुडघा इथं दुखतच नाही.” मी वहीत शून्य लिहिलं.

तिसऱ्या रविवारी पिण्याच्या पाण्याचे कॅन चढवायचे होते. वीस वीस किलोचे. शर्वरी एक कॅन घेऊन होडीत उतरली आणि तो तसाच हातात धरून बापाला विचारत होती, कुठं ठेवू. माझं लक्ष पट्टीवर होतं. शून्य.

तिनं कॅन खाली ठेवला. पाणी तीन मिलिमीटर चढलं.

“उचल तो,” मी म्हटलं.

तिनं उचलला. पाणी उतरलं.

“ठेव.”

तीन.

मी भिंग खिशात ठेवलं. यादगिरी माझ्या मागंच दोर धरून उभा होता. तो इतक्या हळू बोलला की मला आधी कळलंच नाही.

“अम्मा, साब चढे तो रस्सी खिंचती. वो मोटे साब चढे तो बी खिंचती. बच्ची चढी तो नै खिंचती. पहले दिन से देखरा मैं.”

“मग बोलला का नाहीस?”

“कैसा बोलूँ? हात को नै लगता करके बोलूँ?” त्यानं होडीकडे पाहायचं टाळलं. “बच्ची को नक्को भेजो, बस.”

त्या दुपारी मी जाणाऱ्यांच्या यादीवरचं शर्वरीचं नाव खोडलं. पेन कागदातून आरपार गेलं.

घरात जे काही झालं ते शेजारच्या तीन क्वार्टरांना ऐकू गेलं असेल. मिलिंदरावांनी माझी वही माझ्याच पुढं आपटली. “चाळीस मागितलेस ना? हे बघ, सगळं चढवून काठ एक्केचाळीसवर आहे. तुझ्या मापापेक्षा चांगलं!”

“म्हणूनच.”

“म्हणूनच काय?”

“म्हणूनच नाही!”

शर्वरी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “अट तुझी होती, आई,” ती म्हणाली. “मापं तू घेतलीस. मी पास झालेय. आता का नाही, ते तरी सांग.”

पोरांना वीस वर्षं बजावलं, हवं ते उत्तर आधी ठरवून रीडिंग लिहू नका. आणि आता माझ्याकडे कारण नव्हतं, फक्त उत्तर होतं.

“कारण मी तुझी आई आहे!” मी ओरडले, आणि मग लाज वाटली.

आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. ताट घेऊन खोलीत जायची, धुवून आणून ठेवायची. माझा जीव तिळतिळ तुटत होता, पण तो राग मला परवडणारा होता. रागावलेली का होईना, घरात होती. रोज सकाळी ती बाथरूमच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यानं “आई गं” म्हणायची, ते मी मुद्दाम थांबून ऐकायची.

सव्वीस तारखेला सकाळी जेट्टीवर ट्रक आला, क्रेन आली. शर्वरी आली नाही. आता दोघंच जाणार होते. होडी उचलण्याआधी मी शेवटचं माप घेणार म्हटलं तर मिलिंदरावांनी आभाळाकडे पाहिलं. सामान दोनशे चाळीस किलो, म्हणजे चाळीस मिलिमीटर. माणसं दोन, सव्वीस. एकूण सहासष्ट यायला हवे होते.

पंचाहत्तर आले.

मी दुसरी नळी पाहिली. पंचाहत्तर.

“उतरा,” मी म्हटलं. “दोघंही. आणि सामान काढा.”

“उषा, ट्रक उभा आहे.”

“काढा म्हणते ना!”

माझा चेहरा पाहून श्रीकांतनी पहिला कॅन उचलला. तासभर सगळे राबत होते. क्रेनवाला भोंगा वाजवत होता. शेवटचा दोरसुद्धा जेट्टीवर आल्यावर मी पट्टीजवळ वाकले.

रिकामी होडी नऊ मिलिमीटर खाली बसली होती.

मी आत उतरून तळाशी हात घातला. कोरडं. फळ्या उचलून पाहिल्या, स्पंज फिरवला. थेंब नाही.

“प्लाय आहे, महिनाभर पाण्यात आहे. पाणी प्यायली असेल,” मिलिंदराव म्हणाले.

“चोपन्न किलो? बरोब्बर चोपन्न?”

मग त्यांना तिडीक आली. “पोरीला उतरवलंस ते उतरवलंस. आता आणखी कोणाला उतरवायचंय? होडी रिकामी आहे, उषा. रिकामी!”

क्रेननं टिटवी उचलली. यादगिरीनं दोर सोडून दिला होता आणि तो लांब जाऊन पाठमोरा उभा होता.

ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी थांबले नाही. ऑटो केली. तारनाका येईपर्यंत “जल्दी चलो, भय्या” एवढंच म्हणत होते.

घराचं दार उघडं होतं. खिडक्याही. उन्हाळा लागलाच होता, वरचा पंखा पाचवर गरगरत होता.

“शर्वरी!”

ती आतून आली, नुकती न्हालेली, केस पाठीवर सोडलेले. नेहमीसारखी. मी मटकन दिवाणावर बसले.

“गेली होडी?” तिनं विचारलं. सात दिवसांत पहिल्यांदा बोलत होती.

“गेली.”

डोळे भरून आले तिचे, आणि मग हसली. “जाऊ दे. खडूस आहेस तू एक नंबरची. पण जाऊ दे.”

आणि पाचवी-सहावीत करायची तशी धावत येऊन माझ्या मांडीवर बसली, गळ्यात हात टाकून.

“ऊठ गं घोडे, मांड्या मोडतील माझ्या,” असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तिचे ओले केस माझ्या गालाला लागत होते. शिकेकाईचा वास होता. गळ्याभोवतीचे हात गरम होते, कानाशी श्वास होता.

मांडीवर काहीच नव्हतं.

मी डाव्या हातानं तिला कमरेशी घट्ट धरलं, आणि उजव्या हातानं मागची भिंत चाचपत पंख्याचं बटण बंद केलं.