निगेटिव्ह

प्रिंटरचा कागद शोधत तो चुकून प्रयोगशाळेतल्या तिच्या खोलीत शिरला. ती सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. मान वर न करताच म्हणाली, "आलाच आहात तर बसा समोर. मोजायला दोघं लागतात, आणि माझी मैत्रीण सर्दीनं आडवी झालीय."

"मी... वरच्या मजल्यावरचा. आकडेवारी बघतो."

"म्हणजे 'सरासरी' तुम्हीच!"

टोपणनाव खालपर्यंत पोचलं होतं तर. तो कानापर्यंत लाल झाला, पण बसला.

यंत्राला समोरासमोर दोन भिंगं होती. दोघांना एकच पेशी दिसे. पोटाच्या कर्करोगाच्या गाठीचा तो तुकडा. त्यात एक ठरावीक जनुक जागं असलं, की पेशी तपकिरी रंगत. तपकिरी जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. अशी गाठ झपाट्यानं वाढे. निळ्याच राहिल्या तर निगेटिव्ह, म्हणजे आशेला जागा.

मैत्रीण बरी झाली, तरी तो येत राहिला.

"ही तपकिरी."

"निळी आहे हो! चष्मा पुसा."

"चष्मा पुसला की तुम्ही दिसता... मग पेशी चुकतात."

एका दुपारी त्यानं लग्नाचं विचारलं. ती भिंग पुसत राहिली.

"उद्या सांगते," एवढंच म्हणाली.

तिच्या बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यांचा तुकडा दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाई बघणार होत्या. पॉझिटिव्ह आलं तर नोकरी सोडून त्यांच्याजवळ जायचं, हे तिचं ठरलं होतं. मग याला कशाला शब्दात अडकवायचं? घरचं दुखणं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत वर आली. "निगेटिव्ह!"

त्यानं पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे... मी विचारलं याचं वाईट वाटून घेऊ नका." आणि उठून दाराकडे निघाला.

"अहो, निघालात कुठं? माझं नाही, बाबांचं निगेटिव्ह!" मग तिनं सगळं सांगितलं, अर्धं हसत, अर्धं डोळे पुसत.

तो भिंतीला टेकला. "आणि... तुमचं?"

"माझं पॉझिटिव्ह."

हा शब्द हसून उच्चारलेला त्या इमारतीत कुणी ऐकला नव्हता.

तिनं तिथूनच बाबांना फोन लावला आणि दोन्ही बातम्या एका दमात सांगितल्या.

"पोट अर्धं काढलंय माझं, डोळे नाही काढले," बाबा म्हणाले. "घेऊन ये त्याला. बघू दे."